मोठा आर

सोमवार, ३ मार्च

बासष्ट रुग्णांच्या ॲलर्जीच्या नोंदी कोऱ्या झाल्या! वॉर्डातल्या सिस्टरने इंजेक्शन टोचण्याआधी सहज विचारलं म्हणून एक आजी वाचल्या. "पेनिसिलीन नको गं बाई, मागे जिवावर बेतलं होतं." नोंदीत त्यातलं काहीच नव्हतं.

आमच्या संगणक विभागाने जुन्या कॉपीवरून सगळं परत आणलं. पण झालं कसं?

मंगळवार, ४ मार्च

कळलं. डेटाबेस सांभाळणारे काका चाचणी घेत होते. रुग्णालयाच्या खऱ्या डेटाबेसला चाचणीचा डेटाबेस जोडणारं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम, मी लिहिलेलं. त्याला रीडओन्ली हा पर्याय दिला, की खऱ्या नोंदी फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. काकांनी तो दिलाही होता. पण इंग्रजी शब्दातला पहिला आर मोठा, म्हणजे कॅपिटल! माझा कोड फक्त लहान अक्षरं ओळखतो. बरं, ओळखलं नाही तर ओरडावं ना? गपचूप सोडून देतो. काकांना वाटलं, कुलूप लागलंय. चाचणी म्हणून त्यांनी ॲलर्जीच्या नोंदी पुसल्या, त्या खऱ्याच पुसल्या गेल्या.

विभागाचे साहेब म्हणाले, "काकांचा हलगर्जीपणा." मी मान डोलावली.

का डोलावली?

बुधवार, ५ मार्च

मी सांगितलं होतं काकांना, सगळं लहान अक्षरात — सांगितलं होतं बहुतेक.

गुरुवार, ६ मार्च

काकांची चौकशी लागली. निवृत्तीला चार महिने उरलेत. जिन्यात समोर आले, नेहमीसारखे हसले. मी फोनवर बोलायचं नाटक केलं. शी!

आई म्हणाली, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, डोकं दुखतंय.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांना सांगून टाकलं, एका दमात. अनोळखी पर्याय आला तर कोडने तिथेच थांबून चूक दाखवायला हवी होती. ती तपासणी मी घातलीच नाही.

"मग मंगळवारी का बोलला नाहीत?"



तपासणी आज घातली. पण चौकशी थांबली नाही. साहेब म्हणाले, "अक्षर तर त्यांनीच चुकवलं ना!"

शनिवार, ८ मार्च

काकांची माफी मागायला गेले. त्यांनी खणातून एक कागद काढला — एक्स्टेन्शन देताना मी लिहून दिलेल्या सूचना. माझंच अक्षर. रीडओन्ली. आर मोठा.

"कुणाला दाखवला नाही," म्हणाले. "तुझी नोकरी नवी आहे, पोरी."

आणि कागद माझ्याच हातात दिला. फाडला असता तर कुणाला कळलं असतं? तसाच साहेबांकडे घेऊन गेले.