दोन पानांचं काळीज

मस्तगड, जालना
श्रावण वद्य तृतीया

चिरंजीव भुजंगास थोरला भाऊ रामकिसन याचे आशीर्वाद. इकडे आम्ही धड आहोत, तिकडे तीर्थपुरीस तुझे बैल, तू आणि तुझी सौ. साळूबाई (तुझ्या मायेचा क्रम हाच ना?) खुशाल असावेत.

खोकला झाला म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो, तर हैदराबादेहून आलेले डॉक्टरसाहेब छातीला नळी लावून बसले ते हलेचनात. (खोकल्याचं औषध अजून मिळालेलं नाही.) म्हणाले, काळजातून रक्त बाहेर पडतं त्या दाराला तीन पानं असतात, तुम्हाला जन्मापासून दोनच असावीत, आवाज तसा येतो. माझ्या टोपीत महादेवाचं बेलपान होतं, त्याचं एक दल त्यांनी खुडून दाखवलंसुद्धा. आता मला राहवेना. एकच पान असलं तर? तर लेकराला लहानपणीच धाप लागते. दोन असली तर अर्धा जन्म पत्ता लागत नाही, मग ती कडक होतात आणि दार नीट उघडत नाही. चार? फार विरळा, म्हणाले. मी हातच जोडले! चार दलांचं बेलपान आपण देव्हाऱ्यात ठेवतो, मग असा पुण्यवान कोण, असं विचारलं. साहेब हसले. ती पानं नीट मिटत नाहीत, रक्त मागं गळतं, यात पुण्य कसलं? मला हे अजून पटलेलं नाही. खात्री कशी करायची विचारलं तर म्हणाले, मेल्यावर उघडून बघावं लागतं. हे सांगताना ते माझ्याकडे इतक्या आवडीनं बघत होते की मी सदऱ्याच्या गुंड्या लावून टाकल्या.

घरी सांगितलं ही चूक झाली. तुझी वहिनी पूजेचा बेल निवडत होती. म्हणाली, "मंग तुमी पिंडीपाशी येऊ नगा. दोन दलांचं खंडित पान देवाला चालत न्हाई." मी ओट्यावर बसून प्रसाद खाल्ला. शेजारच्या कडूबानं छातीला कान लावला आणि गल्लीला सांगून आला, "बराबर दोनच हायेत!"

तुझा,
रामकिसन

ता. क. पोळ्याच्या कुस्त्यांत तू उतरणार असं कळलं. त्याआधी इकडे येऊन छाती दाखव. हे कधी कधी सख्ख्या भावांतही निघतं म्हणे. आपले वडील, दादा, मोट हाकताना खाली बसले ते उठलेच नाहीत, हे सांगितलं तेव्हा साहेब हसले नाहीत. मला भीती वाटते, भुजंगा. तुझी तीन निघाली तर खुशाल लढ, मी हेवा करणार नाही.

ता. क. दुसरा. वहिनीनं परवापासून दोन दलांची पानं टाकणं बंद केलं आहे. पिंडीवर आधी तीच वाहते आणि देवाला दटावते, "ह्ये बी तूच घडवलंय, संभाळ."