पहिला वापर : मार्च २०२२

६ जानेवारी, मंगळवार

पाहतच असन मोबाईलवर रिला! नाही तर मी देलेला नवा फोन दोन मयन्यात असा मरते कसा? एवढंच म्हणलं मी, तर रूपाली भडकली. म्हणे, "दिवसभर मशीनवर लोकाईचे ब्लाउज शिवून राहिली मी. रिला पाहाले तुमच्या कंपनीतल्यासारखी सुट्टी नाही मले." मी म्हणलं, कंपनीत सुट्टी? गेटवरच फोन जमा करून घेतात इथं! मंग ती काई बोलणार होती, अन् फोन मेला. चाळीस टक्के होती म्हणे बॅटरी. चाळीसवर कोणता फोन मरते?

रोजचंच झालं. शिफ्ट सुटली की अर्धा घंटा भेटते बोलाले, त्यातला अर्धा भांडणात अन् अर्धा "हॅलो, हॅलो"त. साक्षगंध झालं, साखरपुडा, तेव्हा वाटलं होतं, आता लग्नापर्यंत रोज बोलू. घ्या बोला!

चाकणले येऊन तीन वर्षं झाले. कोणी आपलं नाही इथं. म्हणून हे लिहून राहिलो.

७ जानेवारी

अफनानले सांगितलं. माह्या खोलीतला, अकोल्याचा. इथं माह्याच लाइनीवर पॅकिंग करते, पण पहिले मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात होता. तो म्हणे, "अबे, भांडतो काहून? हेल्थ देख ना बॅटरी की."

मले वाटलं हा मजाक करून राहिला. पण खरंच राहते तसं. माहाच फोन घेतला त्यानं. सेटिंग, मंग बॅटरी, मंग बॅटरी हेल्थ. माह्या फोनची त्र्याऐंशी टक्के निघाली. म्हणजे नवी होती तेव्हा शंभर भरत होती, आता कितीही चार्ज करा, त्र्याऐंशीच भरते. अस्सीच्या खाली गेली की समजायचं बुढी झाली. चाळीस दाखवन अन् धाडकन बंद पडन.

"अन् फोन नवा असन तं?" मी विचारलं.

"नवा असन तं शंभर. नाही तर नव्याण्णव. त्याच्या खाली दिसली तर कंपनीले शिव्या दे, बायकोले नको."

"बायको नाही झाली अजून."

"ऐसाच लडत राहिला तो होगी भी नहीं."

हसलो बापा दोघंही. उद्याच सांगतो तिले. वारंटीत बदलून देतीन.

८ जानेवारी

सांगितलं. एकेक करून. सेटिंगमध्ये जा. गेली. बॅटरी दाबलं. "हे तर इंग्रजीत आहे." वाच ना, बारावी शिकलेली तू, मी नववी नापास! मंग हसली. किती दिवसांनी हसली. मी म्हणलं, दिसते त्याचा फोटो काढ, स्क्रीनशॉट, अन् पाठव. बाजूले तिचा भाऊ कुलदीप होता, त्यानंच काढून देला.

आला फोटो.

हेल्थ अडुसष्ट टक्के. किती वेळा चार्ज झाला, तो आकडा हजाराच्या वर. अन् खाली लिहून : पहिला वापर, मार्च २०२२.

मी अफनानले दाखवला. त्यानं फोटो मोठा करून पाह्यला अन् म्हणे, "ये नया नहीं है भाई. जुना फोन आहे. वरची काच बदलते, डब्बा नवा भेटते, पन्नी चढवून सील मारते. बॅटरीची उमर नाही बदलत."

तवर तिचा मेसेज आला. दोनच शब्द. "हे काय?"

मी काय सांगू? मलेच समजून नाही राहिलं!

९ जानेवारी

उचलत नाही. दहा वेळा लावला.

१० जानेवारी, शनिवार

आज कुलदीपनं लावला. जेवणाच्या सुट्टीत गेटवरून फोन मागून घेतला होता, तिथंच उभा राहून बोललो.

"काय जवाईबुवा! पोरगी कोरी पायजे अन् फोन जुना देता?"

मी म्हणलं कुलदीपभाऊ, मले सांगू तर द्या.

"काय सांगता? साऱ्या धामणगावात माह्या मायनं मोबाईल दाखवला. जवायानं सतरा हजाराचा देला म्हणे! आता काय सांगू, चार वर्षं कोणीतरी वापरून फेकलेला देला?"

मंग त्याचे बाबा आले फोनवर. खुशालराव ओरडत नाहीत, हेच वाईट. म्हणे, "मोबाईलचं काही नाही बापू. नसता देला तरी चाललं असतं. पण खोटा देला. पुढच्या रविवारी येऊन काय ते तोंडावर सांगा. नाही तर तुमचं लुगडं, अंगठी, शाल, सगळं बांधून ठेवतो, घेऊन जा."

तोंडावर काय सांगू! खरं सांगू? खरं तर मले आतापर्यंत लिहायचीही हिंमत नाही झाली.

फोन मी घेतलाच नव्हता. सुट्टी नव्हती मले, साक्षगंधाच्या आदल्या दिवशी रात्री पोहोचलो मी गावी. पैसे अमोल भाऊजीले पाठवले होते. माह्या बहिणीचा, चंदाताईचा नवरा. अमरावतीले राहतात, गाडी चालवतात, म्हणे माह्या ओळखीचं दुकान आहे, चांगला पाहून आणतो. बाबा नाहीत मले, तर साक्षगंधात मोठेपण त्याईनंच केलं. ताटात मोबाईल त्याईनंच ठेवला, लाल फीत बांधून. बाया हातोहात फिरवत होत्या. मीच किती मिरवलो!

११ जानेवारी, रविवार

भाऊजीले लावला. सकाळपासून शब्द जुळवत होतो. जवायाले कसं विचारतात? आमच्या घरी जवाई आला की मायच्या डोक्यावरचा पदर खाली नाही येत. तिसऱ्या वेळी भाजी नको म्हणले तर माय रात्रभर विचार करते, तिखट झाली का.

मी म्हणलं, भाऊजी, त्या मोबाईलचं बिल पाठवता का? वारंटीसाठी.

"बिल? कुठी तरी असन. पाहतो."

दुकानाचं नाव सांगा.

"काहून? तुले माह्यावर भरोसा नाही?"

मंग मी सांगितलं, बॅटरीत तारीख निघाली. तर म्हणतात, "अरे, चालू आहे ना फोन? बोलणं होते ना? लोकाईचे पोट्टे तर तेही नाही देत."

बाकीचे पैसे कुठी गेले, हे मी विचारलं नाही. विचारणार होतो. त्याईलेच समजलं. आवाज चढला, "मले चोर म्हणतो का बे? साल्यानं जवायाले चोर म्हणायचं? मंग ने तुही बहीण! आजच ने!"

मागून ताईचा आवाज आला, काय झालं जी, म्हणून. अन् फोन बंद.

१२ जानेवारी

मायले सांगितलं सगळं. ती पहिले रडली. मंग एकदम डोळे पुसल्यासारखा आवाज झाला तिचा.

"अमोलरावाचं नाव काढू नको."

माय, माहं लग्न मोडून राहिलं.

"तुले दुसरी भेटन. चंदाले दुसरं घर नाही भेटत. पोरगी आहे तिच्या पदरात. तू असं कर, मीच घेतला जुना म्हण. पैसे कमी पडले म्हण. माफी माग. पाया पड खुशालरावाच्या."

मी म्हणलं, म्हणजे चोर मी?

"तू पोरगा आहेस. तुह्यावर चार दिवस राहीन. तिच्यावर जलमभर राहते."

हिले कसं सांगू, की दुसरी नको मले? रूपालीच पायजे. ती फोनवर सुईत धागा ओवते, तेव्हा मधातच बोलणं थांबते तिचं अन् मी इकडे श्वास धरून बसतो. हे मायले सांगाची गोष्ट आहे का?

१३ जानेवारी

पेट्या उलट्या लावल्या आज. सुपरवायझर म्हणाला, "अहो अकोटकर, लक्ष कुठंय? 'मले-तुले' करत बसायला पगार देत नाही कंपनी." सगळे हसले. अफनान नाही हसला.

संक्रांत उद्या. तिच्या घरून तिळगूळ येणार होता म्हणे माह्या घरी. आता काय येते.

जेवण जात नाही. पाणी पेलं तरी कडू लागते.

१५ जानेवारी, गुरुवार

रूपालीचा फोन आला. तिच्या मायच्या मोबाईलवरून. हळू बोलत होती, शेजारी कोणी असन.

"मले बाकीचं काही नको सांगा. बाबा, भाऊ काय म्हणते तेही सोडा. एकच सांगा. तुमाले माहीत होतं का?"

तोंडापर्यंत आलं होतं. नाही! देवाशपथ नाही! एवढंच तर म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हणलं की तिचा पुढचा प्रश्न तयारच होता — मंग घेतला कोणी? अन् मंग कुलदीप अमरावतीले जाईन, भाऊजीची कॉलर धरन. अन् संध्याकाळी ताईचं काय होईन?

मी म्हणलं, "हो. माहीत होतं. पैसे कमी पडले होते."

मशीनचा आवाजही नाही. मी वाट पाहून राहिलो, शिव्या दे, रड, काही तर कर!

"बरं," म्हणे. अन् ठेवला.

आज बॅटरी नव्हती मेली. आज तिनंच ठेवला.

१६ जानेवारी

काय करून बसलो मी. काय करून बसलो!

कामावर नाही गेलो. अफनाननं डाळभात झाकून ठेवला, तसाच आहे. तो म्हणे, "तू शहीद बनने चला है, पर गोली उस लडकी को लगी." खरं आहे. तिले काय वाटलं असन? ज्याच्यासोबत जलम काढायचा, तो हसत हसत भंगार ताटात ठेवते.

दुपारी चंदाताईचा फोन आला. मायनं सांगितलं तिले सगळं. मले वाटलं रडन. नाही रडली. म्हणे, "तू खोटं काहून बोलला?"

तुह्यासाठी, ताई.

"मी म्हणलं होतं का?"

मी म्हणलं, माय म्हणते तिथं तुले नांदायचं आहे...

"नांदू दे ना मले, कशी नांदते ते मलेच माहीत! तुमी सगळे मिळून मले नांदवाले निघाले. तू, माय. मले एकानं तरी विचारलं का, बाई, तुले काय वाटते?"

मी म्हणलं ताई, तू चूप राय. पाया पडतो तुह्या. झालं ते झालं.

"भाऊ," म्हणे, "त्या पैशाचं काय झालं माहीत आहे का तुले? मले माहीत आहे. मी दोन मयन्यांपासून पाहून राहिली, अन् चूप बसली. आता तूही मले चूप बस म्हणतो."

तिनं सांगितलं नाही काय झालं. मीही विचारलं नाही. तिच्या आवाजात असं काही होतं, की मी घाबरलो.

१७ जानेवारी, शनिवार

रूपाली! रूपालीचा मेसेज!! जसाच्या तसा लिहून ठेवतो —

"चंदाताईचा फोन आला होता बाबाले. सगळं सांगितलं त्याईनं. बाबा म्हणे ज्या पोरानं बहिणीसाठी एवढा बोल खाल्ला, त्याले पोरगी देली तर काय वाईट. रविवारी यायचं तर या, पण सामान न्याले नका येऊ. अन् एक सांगू का, तुमाले खोटं बोलता येत नाही. 'हो' म्हणताना आवाज कापत होता तुमचा. मी तेव्हाच बाबाले म्हणलं होतं, याच्यात काही तरी आहे."

चार वेळा वाचला. अफनानले वाचून दाखवला. त्यानं मले उचललं अन् खोलीभर फिरवलं, साला भांड्यावर पाय पडला, डाळ सांडली सगळी! मंग मी तिले फोन लावला, त्या खटारा फोनवरच. म्हणे, "बोला लवकर, तीस टक्के आहे." काय बोलू! दोघंही हसत होतो नुसते. बंद पडला तरी हसत होतो मी.

रजेचा अर्ज देला. उद्याचा नाही भेटला, पंचवीस तारखेचा भेटला. चालते! खुशालरावांनी हो म्हणलं.

ताईले लावला, पाया पडतो असं सांगाले. बंद येऊन राहिला. भाऊजीचाही बंद. सकाळी लावतो.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी नव्या नंबरवरून फोन. ताई होती. अमरावतीच्या स्टँडवर, पोरीले घेऊन, एका चायवाल्याच्या मोबाईलवरून. भाऊजीनं तिचा फोन हिसकून घेतला म्हणे, तिले पोरीसकट बाहेर काढलं अन् आतून दाराले कडी लावून घेतली. आवाज एकदम शांत होता. म्हणे, "रडू नको. मायकडे जाऊन राहिली, अकोटची गाडी लागली आहे. माह्याजवळ तिकिटालेही नाही."

एसटीत अर्धं तिकीट लागते बाईले. पोरीले दूध, बिस्कीट. चायवाल्याच्या नंबरवर पाठवले — तीनशे रुपये.