डॉक्टर आल्यावर येजो

लालबर्रा
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मधुताई,
नूतनचा नमस्कार. आमच्या कुशलचा ताप उतरला, शाळेत जायला लागला. धानाची कापणी आटोपली. राइस मिलच्या भुशामुळे सकाळी दार उघडवत नाही. सासूबाई बऱ्या आहेत. हे भरवेलीच्या खाणीतून आले की जेवून लगेच झोपतात.

तू पाठवलेला याचिकेचा मसुदा वाचला. गर्भपाताच्या गोळ्या देण्याचा अधिकार माझ्यासारख्या प्रशिक्षित नर्सलाही असावा, हे किती नीट मांडलंस. पहिलं नाव माझं टाकायचं म्हणतेस, आणि मी उत्तर देत नाही म्हणून रागावली असशील. नोकरीची भीती आहेच. पण तेवढंच नाही. फोनवर बोलता आलं नसतं, आमच्याकडे फोन स्पीकरवरच असतो.

आमच्या गावातल्या मयुरीचं तू मसुद्यात लिहिलंस ते तसंच घडलं. ती गोळ्या मागायला आली तेव्हा गोळ्या आरोग्य केंद्राच्या अलमारीत, किल्ली माझ्याजवळ, आणि डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले. मी तिला म्हटलं, "डॉक्टर आल्यावर येजो." ती हौ म्हणून गेली ती आलीच नाही. बाजारातून कसली तरी औषधं आणून खाल्ली, बालाघाटला भरती करावं लागलं. वाचली. आता रस्त्यात दिसली की मान फिरवते.

मागच्या आठवड्यात मी आमच्या डॉक्टरांशी बोलले. केंद्राच्या कामाचं नाही. ते यांच्याच गावचे. म्हणाले, "गजेंद्रले घेऊन या, मंग पाहू." नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, असं मी म्हटलं. ते त्यांनाही माहीत होतं.

"लागत नाही. पण मले गावात राहाचं हाये ना."

आता कळलं असेल, ताई.

घरात कोणी वाईट नाही, म्हणूनच सांगता येत नाही. यांना कळलं तर पेढे वाटतील. सासूबाईंना संशय आलाय. काल भाजी निवडताना म्हणाल्या, "या बारीले पोरगी होऊ दे वं माय." मला नको आहे. कुशलच्या वेळी किती रक्त गेलं ते विसरले नाही, पण ते झालं नसतं तरी नकोच होतं. हे मी अजून कोणाजवळ बोलले नाही.

एका दुपारी अलमारी उघडली. पाकीट हातात घेतलं. मग वाटलं, उद्या कोर्टात समोरचा वकील हेच विचारेल, नर्सच्या हाती गोळ्या दिल्या तर ती काय करेल? पाकीट ठेवून दिलं. तुझ्या याचिकेने माझे हात बांधले, ताई. तुझा दोष नाही.

यांना सांगितलं, कोर्टाच्या कामाने तुझ्याकडे जबलपूरला जायचं आहे. म्हणाले, "मंग जाय ना, काहून थांबून राह्यली? बायांचं काम हाये." माझ्या बॅगेची चेन स्वतः दुरुस्त करून आणली. मला त्यांच्याकडे पाहवेना.

पुढच्या गुरुवारच्या गाडीने येते. आधी तुझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे ने. मग याचिकेत पहिल्या नावापुढे सही करीन. शपथपत्रात मयुरीचं सगळं सांगीन. माझं सांगणार नाही, तूही आग्रह करू नकोस.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. टपाल इथे कोणाच्याही हाती पडतं. नुसती स्टेशनवर ये.

तुझीच, आणि सध्या दुसऱ्या कोणाचीच नाही,
नूतन