कठोर माणसाची पाठ

४ मार्च, सोमवार
आजपासून मालिका बघणं बंद. तशी मी ती बघत नाहीच. ताई बघते, पंखा त्या खोलीत आहे म्हणून मी बसतो. पण आज त्यातले सर्जनसाहेब खिडकीकडे तोंड करून त्या मुलीला म्हणाले, माझ्या आयुष्यात कुणालाही जागा नाही, आणि अंगावर काटा आला. हुबेहूब मी! ताईला तसं बोललो. ती म्हणाली, तो माणसांची हृदयं उघडतो, तू चष्म्याच्या काचा घासतोस. मुद्दा तिच्या लक्षातच आला नाही.

६ मार्च
दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायला नवीन मॅडम आल्या. वयाने माझ्या आसपास, आवाज गोड. मी मशीनवर काच घासत होतो. त्यांनी मागून विचारलं, इथे बरीच वर्षं आहात का? वळलो नाही, बोललोही नाही. साहेब लगेच वळत नाहीत. अशा माणसाला वितळवल्याशिवाय बायकांना चैन पडत नाही, हे मालिकेत सिद्ध झालेलं आहे.

९ मार्च
कठोर माणसाला भूतकाळात एक जखम लागते. दुपारभर आठवून पाहिलं. कॉलेजात एकीने माझी छत्री नेली, ती परत दिलीच नाही. चालवून घेऊ.
मॅडमनी चहाला बोलावलं. पाठ हलू दिली नाही. फार जड गेलं. चहा खरंच हवा होता.

१२ मार्च, जेवणाच्या सुट्टीत
प्रगती! मॅडम आता अगदी जवळ येऊन बोलतात. आधी डाव्या कानाशी, मग उजव्या. आणि केवढ्या जोरात! भावना अनावर झाल्या की आवाज चढायचाच. आज खांद्यावर हलकेच थोपटून, ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, मालक बोलावतायत. वर बोटांनी मालकांच्या मिशाही काढून दाखवल्या. साध्या निरोपात एवढा जीव कोण ओततं?

१५ मार्च
ताईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, अरे बाबा, आवडते ना, मग तोंड उघड. त्या सर्जनला बोलणं लिहून द्यायला माणसं ठेवली आहेत, तुला कोण लिहून देणार? बिचारीला प्रेमातलं काही कळत नाही.
तेवढ्यात टीव्हीवर साहेब वळले! मुलीने मन मोकळं केलं, व्हायोलिन वाजलं आणि मग वळले. अर्थात मी तिकडे बघत नव्हतो.
ठराव: मॅडमनी मन मोकळं केलं की त्याच क्षणी वळायचं. बोलायचं वाक्य तयार आहे: तुम्ही ही भिंत पाडलीत.

१९ मार्च
वाक्याची आरशासमोर प्रॅक्टिस केली. ताईने बाहेरून विचारलं, कुठली भिंत पडली? मूड गेला. शिवाय शर्टवर काचेची भुकटी होती. उद्या.

२० मार्च
दाढी नीट झाली नव्हती. तसंही घाई कोणाला आहे?

२३ मार्च, शनिवार
मॅडमचा आज शेवटचा दिवस. हे मला आजच कळलं. बाकी सगळ्यांना आठवडाभर माहीत होतं.
दुपारी दुकान रिकामं, मशीन बंद. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. आज आवाज चढवला नाही, स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. म्हणाल्या, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून धीर होतोय. पहिल्याच दिवशी तुम्ही आवडला होतात. रोज काही ना काही बोलून बघितलं, पण तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. आता मोठ्या बहिणीने आणलेल्या स्थळाला हो म्हटलंय. माणूस बरा आहे, विचारलं की उत्तर देतो. सांभाळून राहा.
शब्दन् शब्द ऐकला. हाच तो क्षण. मान वळवणार, इतक्यात वाटलं, व्हायोलिन सुरू होऊ दे.
कुठलं व्हायोलिन? दार लागल्याचा आवाज आला. मग वळलो. समोर नुसता अक्षरांचा तक्ता.
छातीत खूप दुखतंय. हे मालिकेतलं नाही.
मालक मोठ्याने ओरडत, खाणाखुणा करत म्हणाले, बाईंनी जाता जाता तुमच्या कानांची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली आहे. फार काळजी होती हो त्यांना तुमची.

२६ मार्च, मंगळवार
गेलो. तिने घेतलेली अपॉइंटमेंट, मोडवेना.
कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. सगळे ऐकू आले. कान उत्तम आहेत म्हणाले, तुम्हाला कुजबुजसुद्धा ऐकू येते. मग त्रास नेमका काय होतो?
या वेळी ठरवलं, सांगून टाकायचं. एवढ्या सहानुभूतीने विचारणा मला आजवर कुणी केलेली नव्हती. खुर्ची त्यांच्याकडे वळवली, तोंड उघडलं. आवाजच फुटेना.
डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, घशाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात.