मीठ धरणारं जग

बाबा, तुला कळेल असं सांगायचं तर मी रविवारी दुपारी जगं बनवते. मनवेलपाड्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पाच जण जमतात, कुणी ऑफिसातलं, कुणी शेजारचं. मी एक जग रचते, ते त्यात योद्धा नाहीतर चेटकीण होऊन शिरतात आणि पुढे काय होणार ते फासे ठरवतात. या वयात भातुकली, म्हणशील. म्हण खुशाल. आगीचं जग झालं, आरशांचं झालं, पण ती सगळी उसनी वाटायची. या खेपेला मेलेल्यांचं जग हवं होतं, आणि पेन्सिल टेकवली तर हाताने आपल्या मिठागरातले वाफेच काढले.

तिथे रात्र होत नाही. नजर जाईल तिथवर चौकोनी वाफे, बोटभर पाणी, आणि त्यात आभाळ असं उतरलेलं की आपण कशावर उभे आहोत ते कळत नाही. बांधावर एक म्हातारा बसलाय. आपल्या माणसाला भेटायचं तर आधी त्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं. खरं बोललं तर पायाखाली मीठ धरतं, पाण्याचे खडे जमतात आणि वाट होते. खोटं बोललं तर पाणी गढूळ होतं आणि माणूस बांधावरच राहतो. नियम तुझाच आहे. आठ वर्षांची मी भरल्या वाफ्यातून धावत गेले, तळाचा चिखल वर आला आणि तू ओरडलास, "पानी ढवलू नको गो! मीठ धरतंय!" त्या वाफ्याचं मीठ काळं निघालं. दोन दिवस मीच तुझ्याशी अबोला धरला, जणू चूक तुझी. तिसऱ्या दिवशी तू तंबाखूच्या डबीतून एक खडा काढून दिलास, फाशासारखा चौकोनी, आरपार दिसणारा. म्हणालास, "जपून ठेव. असा परत नाय गावायचा."

खेळात म्हाताऱ्याचं बोलणं मलाच बोलावं लागतं. त्याला मी तुझा आवाज दिलाय. ज्या बोलीची कॉलेजात लाज वाटायची ती आता तोंडात सहज येते, आणि बोलताना मला फार बरं वाटतं. गेल्या रविवारी चेटकीण झालेली पोरगी म्हणाली, "ताई, तुम्ही पण या ना आत. तुम्हाला काय विचारेल तो?" सगळे हसले. मला मात्र हॉस्पिटलातली खाट दिसली. तू डोळे मिटून विचारतोयस, "तो खडा हाय ना गो?" मी सांगतेय, "आहे बाबा, कपाटात आहे." तू समाधानाने मान हलवतोस. मी फासे गोळा केले आणि चहा टाकायला उठले.

हे जग मी तुला भेटायला बनवलं, आणि मलाच त्यात पाऊल टाकता येत नाही. म्हणून लिहितेय. पाठवणार कुठे, वहीतच राहील. बाबा, खडा नाही. पावसाळ्यात विरघळला असंही नाही. तू दिलास त्याच दुपारी आम्ही मैत्रिणींनी तो ठेचून कैरीला लावला. फार छान लागला.