ऐक बाई, फोन लाव

६ एप्रिल, रविवार

दिवा लावायला इंटरनेट लागतं म्हणे!

उमरेडला मयुरीकडे गेलो होतो. बहिणीचं घर चांगलं आहे. जावईबापू अभिजीतराव, हातात मोबाइल नसता तर तेही चांगले होते. सगळ्या घराला 'स्मार्ट' बल्ब बसवलेत. संध्याकाळी नेट गेलं आणि घर अंधारात. वीज आहे, बल्ब शाबूत आहे, भिंतीत वायर आहे. पण दिवा लागत नाही, कारण हुकूम देणारा सर्व्हर सातासमुद्रापार आणि तिथवर निरोप पोचत नाही! "कंपनीले मेल टाकला आहे," अभिजीतराव अंधारातून बोलले. मी म्हटलं, पूर्वी बटण नावाची एक वस्तू असायची. कुणी हसलं नाही. मयुरीने मेणबत्ती आणली.

मेणबत्ती लावून तिने खरा विषय काढला — आई. काचबिंदूने डावा डोळा गेलाच होता, आता उजव्यालाही नुसता उजेड कळतो. "तू आन् वहिनी कामावर. बाबा पारावर. आई एकटी घरात. पडली-झडली तं कोनाले सांगन? मी तिले इकडंच आनतो."

आईला हुडकेश्वरचं आमचं घर सोडायचं नाही. मलाही ते नको आहे. बाबांचा तर प्रश्नच नाही — दिसत नसलं तरी त्यांचा टॉवेल कुठे असतो ते आईलाच ठाऊक. मी म्हटलं, "दोन आठवडे दे मले. इंतजाम करतो."

मयुरी म्हणाली, दोनच.

८ एप्रिल, मंगळवार

बाजारातले बोलके डबे पाहून झाले. सगळे हेर! घरातलं बोलणं उचलायचं, कंपनीला पोचवायचं आणि उलट आपल्यालाच बनियनच्या जाहिराती दाखवायच्या. मराठी कळतं असं खोक्यावर छापलंय. "पंखा लाव नं" म्हटलं तर म्हणतो, "क्षमस्व, मला आपले म्हणणे उमगले नाही." उमगले नाही! हा शब्द आमच्या घराण्यात कुणी वापरलेला नाही.

मीच बनवतोय. जुना लॅपटॉप — पडदा फुटलेला, डोकं शाबूत — देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. त्याला एक सिमकार्ड. बैठकीत माइक आणि छोटा स्पीकर. सॉफ्टवेअर फुकटातलं, पण प्रामाणिक. त्याला आईचाच आवाज ओळखायला शिकवलं. घरातला शब्द घराबाहेर जाणार नाही. विशिष्ट शब्द म्हटला की डबा जागा होतो, मग नाव सांगायचं, तो फोन लावतो. तो शब्द मी चांगला 'सेवक' ठरवला होता. आई म्हणाली, "बाईमानसावानी आवाज आहे, सेवक कायचा? मी तं बाईच म्हनीन."

तर 'ऐक बाई'.

९ एप्रिल, बुधवार

कूलर चालू असला की बाईला काही ऐकू येत नाही. नागपुरात, एप्रिलमध्ये, कूलर बंद करा म्हणणारं यंत्र! माझंच आहे, पण मूर्ख आहे. आईला सांगितलं — आधी कूलर बंद, मग बोल. बटण तिच्या दिवाणापाशी आणून दिलं.

११ एप्रिल, शुक्रवार

चाललं! "ऐक बाई, भूपेशले फोन लाव." — खणखण! लकडगंजात मी कामाला आहे त्या दुकानात बसल्या बसल्या माझा फोन वाजला आणि आई म्हणाली, "काही नाई गा, पाहून राहिली फक्त." माझ्या बायकोला, प्रणालीलाही, तिच्या शाळेत फोन गेला. मयुरीलाही.

आता बाबा. पाराहून घर चालत जवळ. काही झालं तर सगळ्यांत आधी पोचणारा माणूस तोच. संध्याकाळी घरी येऊन म्हटलं, आई, म्हण — 'ऐक बाई, ईश्वरदासले फोन लाव.'

आईने कानाला हात लावले.

"मी नाव नाई घेत."

मी म्हटलं, अवं, हे यंत्र आहे. यंत्राला काय कळतं कोण कुणाचा नवरा?

"त्याले नाई कळत. मले तं कळते नं?"

पन्नास वर्षांत एकदाही घेतलं नाही म्हणे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. इकडे प्रणाली मला गल्लीच्या टोकावरून 'भूपेऽऽश' करून हाक मारते, मी अजून जिवंत आहे. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि माझी आई तीन सेकंदांचा शब्द उच्चारत नाही. संताप संताप झाला.

१३ एप्रिल, रविवार

प्रणालीने अक्कल सांगितली. "ती ज्या नावाने बोलते तेच टाक नं. 'मयुरीचे बाबा'."

टाकलं. आई खूश. कूलर बंद केला, पदर सावरला — यंत्रासमोर पदर! — आणि म्हणाली, "ऐक बाई, मयुरीच्या बाबाले फोन लाव."

फोन उमरेडला मयुरीला लागला. बाईने 'मयुरी' ऐकलं आणि पुढचं ऐकायची तसदी घेतली नाही. मयुरी घाबरून, "काय झालं आईले? काय झालं?" मग 'भूपेशचे बाबा' करून पाहिलं. माझा फोन वाजला, मी समोरच उभा! आमच्या घरात बाबांना स्वतःचं म्हणून नाव उरलेलंच नाही, ते कुणाचे तरी बाबा आहेत. आईकडे आणखी एक होतं — 'घरधनी'. बाईला तो शब्दच येत नाही.

प्रणाली म्हणाली, दुरुस्त कर. दुरुस्त करायला काय, दोन ओळींचं काम आहे. करणार नाही! प्रत्येकाच्या अडाणीपणासाठी खिडकी ठेवत गेलं की सॉफ्टवेअरची चाळण होते. नाव सोपं आहे, स्वच्छ आहे, आधार कार्डावर आहे. यंत्राने नाही, माणसाने सुधारावं.

१४ एप्रिल, सोमवार

प्रणालीला वायफायवाला फ्रिज हवाय. भाजी संपली की फोनवर कळवतो म्हणे. दार उघडलं की मलाही कळतं.

१५ एप्रिल, मंगळवार

शेठच्या दुकानातला दिवस. शेठ म्हणजे मी ज्यांची कॉम्प्युटरं सांभाळतो ते. आज बिलं छापणं बंद. का? तर भल्या माणसाने पासवर्ड बदलला आणि नवा कुठे लिहिला तर ज्या पडद्यावर तो टाकायचा त्याच पडद्याच्या वॉलपेपरवर. आत गेल्याशिवाय दिसत नाही! "काहून गा भूपेश, तू तं इंजिनेर आहे नं?" मी इंजिनेर नाही हे दहादा सांगून झालं. प्रिंटरवर ओला गमछा वाळत घातला होता तो काढून त्यांच्या हातात दिला.

मग शेठचा पुतण्या आला. त्याच्या फोनमध्ये टॉर्चचं ॲप आहे, त्याला सगळ्या नातेवाइकांचे नंबर वाचायची परवानगी दिलेली. म्हटलं, टॉर्चला तुझ्या मामीचा नंबर कशाला? म्हणतो, "सब लोग देते हैं ना भैया." सब लोग! या देशात 'अलाउ' हे बटण सगळ्यांत जास्त झिजलं असेल.

१७ एप्रिल, गुरुवार

आईच्या पायावर दूध सांडलं. उकळतं. पाऊल सोललंय.

सकाळीच झालं, आम्ही निघाल्यानंतर. दिवाणावर येऊन बसली, कूलर बंद केला आणि बाईला म्हणाली, "ऐक बाई, त्यायले बोलाव वं." बाई म्हणाली, नाव सांगा. आई म्हणाली, "त्यायले, पारावरच्यायले." बाई म्हणाली, नाव सांगा. मग आईने कूलर लावला आणि बाबा जेवायला येईपर्यंत पाय धरून बसून राहिली.

"मले काहून नाई लावला फोन?"

"तू कामावर होता. शेठ काय म्हनन?"

"मंग नाव घेतलं असतं त्यायचं तं तोंड भाजलं असतं का वं?"

तोंडातून गेलं ते गेलं. पायाला मलम लावणाऱ्या प्रणालीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून लॅपटॉपपाशी जाऊन बसलो. थोड्या वेळाने आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बायकोनं नाव घेतलं का घरधन्याचं आयुष्य घटते. माह्या सासूनं सांगतलं. तिनं बी नाई घेतलं कधी."

आयुष्य घटतं! आवाजाच्या लाटेनं! सासूने सांगितलं म्हणून! आणि याच आईला मी बाराखडी शिकताना विचारायचो, तिला सगळं ठाऊक आहे असं वाटायचं मला.

मयुरीचा फोन. रविवारी येते. आईची पिशवी भरून ठेवा.

१८ एप्रिल, शुक्रवार

बाबांकडे दाद मागितली. सकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. म्हटलं, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकते. त्यांच्या आयुष्यात हातमाग गेला, तो गेल्यावर दुसऱ्याच्या दुकानात कापड दाखवलं, कशावरही कधी चिडले नाहीत. यावरही नाही.

"तुह्या डब्यासाठी थे माह्यं नाव घेईन? कायले गा?"

"मयुरी नेऊन राहिली तिले परवा."

पाइप टाकीत तसाच. पाणी वरून वाहायला लागलं, तरी बाबा बघत उभे.

"तिले नेलं तं मंग मी बी जाईन," म्हणाले. "थोडे दिवस." आणि मग — "उमरेडले पार आहे का गा जवळ?"

दोघंही गेले तर हे घर काय करायचं मला. देव्हाऱ्याखालचा लॅपटॉप आणि मी.

ठरवलं. रविवारी सकाळी त्या दोन ओळी टाकतो. मयुरी यायच्या आत. पण त्याआधी आईने एकदा, फक्त एकदा म्हणून दाखवावं असं अजून वाटतं. म्हणजे कळेल तिला की काही होत नाही.

२० एप्रिल, रविवार

आईने काल नाव घेतलं.

मयुरीला सांगत होती, मी ऐकलं. जेवायची वेळ टळली. बाबा आले नाहीत. ते कधी उशीर करत नाहीत, बाहेर ऊन. ताट वाढून बसली. मग आमटी निवली. मग कूलर बंद केला.

"म्या म्हनलं, ऐक बाई. बाई म्हने, नाव सांगा. म्या देवाले हात जोडले. आन् म्हनलं — ईश्वरदासले लाव."

फोन वाजला. घरातच! मागच्या अंगणातल्या न्हाणीतून. बाबांच्या बंडीच्या खिशातला तो बटणांचा फोन, बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा वाजणारा. मागच्या दाराने आले होते, तोंडावर पाणी मारायला न्हाणीत गेले आणि पडले. कूलरच्या घरघरीत आईला पडल्याचा आवाज आला नाही. भाजलेल्या पायाने, चाचपडत, त्या वाजण्याच्या मागे मागे गेली. हाताला लागले. परत बैठकीत आली आणि बाईला म्हणाली, भूपेश.

मेंदूत रक्ताची गुठळी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

दोन ओळी टाकायच्या राहिल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

बाबा शुद्धीवर आहेत. डावा हात हलत नाही, ओठ वाकडा झालाय.

आई आत जात नाही. दवाखान्याच्या बाकावर बसते, सगळ्यांना डबा देते, पण खोलीत पाऊल टाकत नाही. आज मला म्हणाली, "म्या नाव घेतलं आन् फोन तिथं वाजला. तिथंच, जिथं थे पडले."

मी म्हटलं, अवं आई, ते आधीच पडले होते. तू नाव घेतलंस म्हणून सापडले. म्हणून वाचले. डॉक्टरांना विचार. मी नीट, क्रमाने, पहिल्यापासून सांगितलं. हे असं मला फार चांगलं सांगता येतं.

"तुले नाई समजत," ती म्हणाली. रागाने नाही. मी शेठला म्हणतो तसं.

आयुष्यात पहिल्यांदा बरोबर असूनही गप्प बसलो. लाज वाटली. दुधाच्या दिवशी जे बोललो ते सारखं आठवतं.

२३ एप्रिल, बुधवार

मयुरीने पिशवी भरलेली नाही. मीही काही विचारलं नाही. शेठचे फोन येताहेत, प्रिंटर. प्रिंटर गेला खड्ड्यात.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाबांनी आईला आत बोलावलं. प्रणाली हात धरून घेऊन आली. आई पलंगापाशी उभी राहिली, तोंड दुसरीकडे. बाबांची जीभ जड आहे, शब्द फुटत नाहीत, तरी हळूहळू बोलले.

"न्हानीत पडून होतो... म्या ऐकलं माह्यं नाव." मग — "अजून एक खेप घे नं वं."

मी आणि प्रणाली बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.