चौदा रिकाम्या झोपड्या आणि एक टाक

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
भैरवपूर नगरपालिका,
भैरवपूर.

अर्जदार : गुरुदत्त वामन ओगले, निवृत्त अतिक्रमण निरीक्षक, सध्या मुक्काम मुलीकडे, पिस्कॅटवे, न्यू जर्सी, अमेरिका.

विषय : परिपत्रक रद्द करणे, पंचनामा दुरुस्त करणे व अर्जदाराकडे राहिलेली वस्तू मूळ मालकिणीस परत करणे याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे परिपत्रक क्र. अति/३१/७६.
२) नगरपालिका इमारतीमागील मैदानाचा पंचनामा, दि. ९ मार्च १९७४.
३) उम्म नबील यांनी दि. २० नोव्हेंबर १९८८ रोजी विचारलेला प्रश्न (तोंडी).

महोदय,

१. निवृत्त माणसाचा अर्ज आला की तो पेन्शनचा असणार असे समजून आपला कारकून न वाचताच पेन्शनच्या ढिगात टाकील. अर्जदारानेही नोकरीत असताना हेच केले आहे. तरी हा अर्ज पेन्शनचा नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. अर्जदाराने आपल्या नगरपालिकेत सत्तावीस वर्षे चाकरी केली. त्यांपैकी शेवटची चौदा अतिक्रमण हटाव पथकात गेली. आपली व त्याची ओळख नाही, ते बरेच आहे. ओळखीच्या माणसाला हे लिहिण्याचे धैर्य त्याला झाले नसते.

२. संदर्भ एकमधील परिपत्रक अर्जदाराच्या डोक्यातून निघाले. त्यातली रीत अशी. पोलीस, मुकादम, पहारी हे सगळे लांब उभे करायचे. निरीक्षकाने एकट्याने, चपला काढून उंबऱ्याशी जायचे आणि घरच्या बाईला म्हणायचे, "माऊली, धूळ उडेल, आधी देव तेवढे बाहेर घ्या." बाई देव घेऊन बाहेर आली की अर्धे काम झाले. मग म्हातारी निघते, पोरे निघतात, दारात कुऱ्हाड घेऊन उभा असलेला पुरुषही कुऱ्हाड बाजूला ठेवून भांडी काढू लागतो. देव बाहेर आणि माणसे आत, असे कोणी राहत नाही. चौदा वर्षांत अर्जदाराच्या पथकाने एक लाठी उगारली नाही की एक दगड खाल्ला नाही. त्याबद्दल त्याला शाल व श्रीफळ मिळाले. या गोष्टीचा त्याला अतिशय अभिमान होता, आणि गेल्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तो शाबूत होता.

३. अर्जदार व त्याची पत्नी सरला हे सध्या मुलगी सीमा हिच्याकडे राहतात. सीमा येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते. अर्जदाराला येथे करण्यासारखे काही नाही. तेव्हा इमारतीतल्या लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे. हिटर बिघडला, पार्किंगची जागा कोणी बळकावली, की लोक "ओगलेकाका, एक लेटर लिहून द्या ना" म्हणत येतात. अर्जदार "आय मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टु स्टेट" अशी सुरुवात करून दोन पाने भरतो. सीमा कपाळाला हात लावते, पण कामे होतात.

४. खालच्या मजल्यावर नबील नावाचा एक पॅलेस्टिनी गृहस्थ राहतो. औषधांच्या दुकानात नोकरी, माणूस सरळ. गेल्या जूनमध्ये त्याची आई येथे आली. आपल्याकडे बाईला अमक्याची आई म्हणतात तशीच त्यांच्यातही चाल आहे. उम्म नबील म्हणजे नबीलची आई. वय सत्तरीचे, डोक्याला पांढरे फडके, गुडघे दुखरे. सरलेला तिची भाषा येत नाही व तिला सरलेची, तरी दोघींच्या वाट्या जिन्यावरून वरखाली जात असतात. तिने पाठवलेले ऑलिव्ह घरात कोणाला रुचेनात, तेव्हा सरलेने त्यांना मोहरी-तिखट लावले आणि ते दोन दिवसांत संपले.

या बाईचे घर नाब्लुस गावाजवळच्या एका खेड्यात होते. एप्रिलमध्ये तिच्या धाकट्या मुलाला इस्रायली लष्कराने पकडून नेले. खटला उभा राहण्याच्या आधीच एका सकाळी एक अधिकारी बुलडोझर घेऊन आला व त्याने अर्धा तास दिला. घर गेले. पुढचा महिनाभर ती मदतवाल्यांनी दिलेल्या तंबूत राहिली, आणि मग नबीलने तिला इकडे आणले.

५. दि. २० रोजी, रविवारी दुपारी, नबीलने अर्जदाराला आपल्या घरी बोलावले. दुभाषी म्हणून सीमा बरोबर होती. नबील म्हणाला, "मिस्टर ओगले, आईला पैसे नकोत. तिला एक कागद हवा आहे. त्या जागेवर आमचं घर होतं, एवढं लिहिलेला. खाली शिक्का असलेला." तेथे आता जमीन सपाट केली आहे. गावातल्या भाच्याने कळवले की नवा माणूस तिथून जातो तेव्हा त्याला काही कळतही नाही. ते ऐकल्यापासून म्हातारी नीट जेवत नव्हती. कागद देणार कोण, हे नबीललाही ठाऊक नव्हते. पण आईचे म्हणणे असे, की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ सरकारी होते, त्यांना अर्जाचे मायने ठाऊक असणार.

अर्जदाराने चष्मा लावला व आपल्या सवयीचे प्रश्न विचारले. लांबी किती, रुंदी किती, छप्पर कशाचे, दारे किती. बाईला फूट माहीत नव्हते. ती म्हणाली, दार पुरते उघडले की पाण्याच्या माठाला लागायचे, म्हणून घरातले सगळे जण आत येताना अंग चोरून यायचे. हे अर्जात लिहिता येत नाही, असे अर्जदाराने तिला समजावले.

६. महोदय, यापुढील मजकूर लिहिताना अर्जदाराने तीन कागद फाडले आहेत. सांगता सांगता त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. वातावरण हलके करावे, आणि हे काम सभ्यपणानेही करता येते हे तिला कळावे, अशा सद्हेतूने अर्जदार म्हणाला की तुमच्याकडच्या अधिकाऱ्याला रीत ठाऊक नव्हती, आमच्याकडे आम्ही असे करत असू. आणि त्याने परिपत्रकातली रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सीमा दोन वाक्यांनंतर गप्प झाली. "बाबा, प्लीज," ती म्हणाली, "हे मी ट्रान्सलेट नाही करणार."

अर्जदाराला वाटले, मुलीला कार्यालयीन शब्दांचे इंग्रजी सुचत नसावे. म्हणून त्याने स्वतःच्या इंग्रजीत सांगितले : "फर्स्ट गॉड आउट. देन फॅमिली ऑटोमॅटिकली आउट." एवढ्यावर न थांबता त्याने दोन्ही हातांत देव धरून उंबऱ्याबाहेर नेल्याची नक्कल करून दाखवली, आणि शेवटी तो हसला. त्या खोलीत दुसरे कोणी हसले नाही. नबील कपाकडे बघत बसला. त्याच्या आईने त्याची बाही ओढली, तेव्हा त्याला सांगणे भाग पडले.

मग बाईने एक प्रश्न विचारला. तो अरबीतून नबीलच्या इंग्रजीत आला, इंग्रजीतून सीमाच्या मराठीत आला. "ती विचारतेय, मग ते देव कुठे ठेवले?"

अर्जदार म्हणाला, "नेले त्यांनी बरोबर."

हे उत्तर खोटे आहे.

७. खरी हकीकत येणेप्रमाणे. सन १९७४ मध्ये नगरपालिकेची नवी इमारत पुरी झाली. तिचे दगड घडवणारी चौदा कुटुंबे मागच्या मैदानात झोपड्या घालून चार वर्षे राहिली होती. आपण रोज ज्या मागच्या जिन्याने चढत असाल त्याच्या पायऱ्या त्यांच्याच हातच्या आहेत. इमारत झाली, मैदानात बाग करायचे ठरले, आणि त्या झोपड्या अतिक्रमण झाल्या. माणसे राहत आहेत असे दाखवले असते तर नोटीस काढावी लागली असती, मुदत द्यावी लागली असती, दुसरी जागा शोधावी लागली असती. उद्घाटन तोंडावर आले होते. सबब अर्जदाराने पंचनाम्यात लिहिले : "सदर चौदा झोपड्या रिकाम्या आढळल्या. राहणारे : निरंक." पंचांच्या सह्या त्याने आदल्या दिवशीच कोऱ्या कागदावर घेऊन ठेवल्या होत्या.

नवव्या की दहाव्या झोपडीच्या दाराशी त्याने नेहमीचे वाक्य म्हटले. आतून एक बाई आली. तिला मागून कोणी तरी "नंदे" अशी हाक मारली, म्हणून तिचे नाव अर्जदाराला ठाऊक आहे. आडनाव त्याने विचारले नाही. एका कडेवर मूल, दुसऱ्या काखेत धान्याचे गाडगे, आणि मुठीत खंडोबाचा टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, घोड्यावर बसलेला देव. देव जमिनीवर ठेवायचा नाही, आणि हात दोन्ही गुंतलेले. तिने इकडे तिकडे पाहिले. समोर चपला काढून उभा असलेला माणूस तिला सज्जन वाटला असावा. ती म्हणाली, "साहेब, जरा धरा."

अर्जदाराने टाक घेतला व खिशात ठेवला. पहारी सुरू झाल्या. धूळ बसल्यावर त्याने तिचा पुष्कळ शोध घेतला, असे येथे लिहावयाचे होते. शोध घेतला नाही. दीड वाजला होता आणि तो जेवायला घरी गेला.

८. सायंकाळी सदरा धुवायला टाकताना टाक सरलेच्या हाती लागला. अर्जदाराने बाजारात मिळाला असे सांगितले. तिने तो देव्हाऱ्यात मांडला. पुढच्या वर्षी अर्जदारास बढती मिळाली, सीमा पहिल्या वर्गात पास झाली, नंतर तिचे अमेरिकेचे जमले. प्रत्येक वेळी सरला म्हणे, "हा देव आपल्याला लाभला हो." अर्जदार मान डोलावीत असे. येथे येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने "काही दाखवण्यासारखे आहे का" असे विचारले, तेव्हा टाक सरलेच्या पर्समध्ये रुमालात होता आणि अर्जदार "नथिंग, सर" म्हणाला. येथे गेली दोन वर्षे चंपाषष्ठीला त्या टाकापुढे वांग्याच्या भरताचा नैवेद्य होतो. येथली वांगी भली मोठी, बेचव असतात, पण सरला मनोभावे करते.

दि. २० च्या प्रश्नानंतर अर्जदार वर आला. सरला देवाजवळ दिवा लावत होती. त्याने तिला आणि सीमाला सर्व सांगितले. सीमा म्हणाली, "म्हणजे माझी फी, माझं इथं येणं, आई ज्याचं क्रेडिट त्या देवाला देत होती..." एवढे बोलून ती आपल्या खोलीत गेली. त्यानंतर ती अर्जदाराशी कामापुरते बोलते. सरला रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त टाक देव्हाऱ्यातून उचलला. चोरीच्या देवाची पूजा आपल्या हातून होणार नाही म्हणाली. मग तो ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवता येत नाही, कपाटात कोंडता येत नाही. ती तो हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला. चौदा वर्षांपूर्वी नंदाची जी अडचण झाली होती तीच ही अडचण, हे अर्जदाराला तेव्हा कळले. त्याला फार लाज वाटते. याहून कार्यालयीन शब्द त्याला सापडला नाही.

९. तरी विनंती की, प्रथमतः परिपत्रक क्र. अति/३१/७६ त्वरित रद्द व्हावे, आणि कोणाही निरीक्षकाने ते वाक्य कोणाच्या उंबऱ्याशी पुन्हा म्हणू नये. ते लोकांना सन्मानाचे वाटते, म्हणूनच ते लाठीपेक्षा वाईट आहे.

पंचनाम्यातील "रिकाम्या" व "निरंक" हे दोन्ही शब्द अर्जदाराने खोटे लिहिले असे त्याचे निवेदन मूळ कागदास जोडावे. निवृत्तांस अभिलेख बदलता येत नाही, हा नियम त्याला पाठ आहे. या नियमावर त्याने स्वतः कितीतरी लोकांना परत पाठवले आहे. यासाठी जी शिक्षा असेल ती त्याला मान्य आहे.

नंदा हिचा शोध घ्यावा. आपण म्हणाल, आडनाव नाही, पत्ता नाही, आणि आपल्याच दप्तरानुसार अशी बाई तेथे नव्हती. बरोबर आहे. तरी खूण देतो. कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके, उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख छिन्नीने फुटलेले. कडेवरचे मूल आता पंधरा वर्षांचे असेल. जिल्ह्यातल्या दगडखाणींवर विचारपूस केल्यास माहिती मिळेल. टाक पोस्टाने पाठवीत नाही. तो आपल्या कार्यालयात आला तर कोणत्या टेबलावर, कोणत्या फायलीखाली पडून राहील हे अर्जदार जाणतो. ठिकाण कळताच तो स्वतः घेऊन येईल.

आणि शेवटची मागणी. नंदा सापडो वा न सापडो, नगरपालिकेच्या शिक्क्याने एक दाखला द्यावा, की सदर मैदानात चौदा घरे होती व त्यांत माणसे राहत होती. झोपड्या लिहू नये, घरे लिहावे. असा कागद माणसाला कशाला हवा असतो हे अर्जदारास नोकरीत असताना कळले नव्हते.

उम्म नबील यांचा अर्ज काल पुरा झाला. त्यात दाराचे व माठाचे वाक्य घातले आहे. वाचून दाखवल्यावर तिने अर्जदाराचा हात धरला. त्याने तिला अजून खरे उत्तर सांगितलेले नाही. आज हा अर्ज टपालात टाकून येताना तो तिच्या दारावर थाप देणार आहे.

१०. अक्षर वेडेवाकडे आले आहे व कागद जागोजागी सरकला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पुढच्या आठवड्यात चंपाषष्ठी आहे. टाक ठेवायला या घरात जागा नाही, म्हणून तो अर्जदाराच्या डाव्या हातात आहे, आणि हे सर्व त्याने एका हाताने लिहिले आहे. नंदा जरा धरा म्हणाली होती. अर्जदार धरून बसला आहे.

आपला नम्र व अपराधी,
(सही) गु. वा. ओगले
पिस्कॅटवे, दि. ६ डिसेंबर १९८८

सोबत :
१) परिपत्रकाची नक्कल, शाल-श्रीफळाच्या छायाचित्रासह. छायाचित्र परत नको.
२) टाकावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने उठवलेला ठसा, ओळख पटविण्यासाठी.
३) उम्म नबील यांच्या अर्जाची प्रत. आपल्या कार्यालयाशी तिचा संबंध नाही, तरी जोडली आहे. वाचावी.